तिसरी चकती

“मम्मी, मी झालेच नसते, तर सुलक्षणाताईला तू परत पाठवलं असतंस का?”

विचारला एकदाचा! शनिवारी मधल्या सुट्टीत नौशीन आणि हर्षालीनं मला उचकवलं होतं. नौशीन म्हणाली, “पूछ के दिखा ना. बाहर शेरनी, घर में बिल्ली.” हर्षाली म्हणाली, “नाही विचारलंस तर महिनाभर तुझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आमची.” चटणीचं काय एवढं, पण बिल्ली? यंदा मी कुणाची बिल्ली नाहीये. शाळेतला मोठा बोर्ड बंद पडला की बाई सरळ आमच्या वर्गात निरोप पाठवतात, भामरेला बोलवा, आणि मी दहावी ‘ब’मधून निघून सातवीच्या पोरांसमोरून अशी चालत जाते की जसं काही स्टेजवर चाललेय. त्यामुळे विचारला. मम्मी गॅसवर भरताची वांगी भाजत होती. देठाला धरून तिनं एक वांगं फिरवलं, सालीचा काळा पापुद्रा बोटांना चिकटला, आणि ती म्हणाली, “ते पलीकडचं उलटव, जळतंय.” बस. एवढंच. मी चिमट्यानं पलीकडचं वांगं उलटवलं. प्रश्न ऐकला नाही असं म्हणावं तर ती कधी नव्हे ती माझ्याकडे न बघता बोलली होती, आणि ऐकला म्हणावं तर उत्तर कुठंय? वांग्यातून फुस्स करून वाफ निघाली आणि मला एकदम वाटलं, आपण विचारायला नको होतं. मग वाटलं, का नको? मग परत वाटलं, नकोच.

सुलक्षणाताई म्हणजे माझी चुलत बहीण, दोंडाईच्याच्या अभिमनकाकांची मधली मुलगी. पण हे झालं कागदावरचं. मम्मी-पप्पांना लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. तेव्हा ते धुळ्याला राहायचे, पप्पांचा आग्रा रोडच्या बाजूला टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास होता. आमच्याकडे अशा वेळी भावाबहिणीचं एखादं लेकरू घरात आणून ठेवतात. त्याच्या पायगुणानं पाठीला मूल येतं म्हणे. आजीनं काकांना सांगितलं, तीन आहेत तुला, मधली दे. सुलक्षणाताई तेव्हा तीन वर्षांची होती. ती आली, चार वर्षं राहिली, आणि मग खरंच मी आले. मी रांगायला लागायच्या आत ती परत गेली, कारण दोंडाईच्याच्या शाळेत तिचं नाव घातलं गेलं, आणि कारण, काका म्हणाले असतील, आता तुमचं आलं ना तुम्हाला. हे सगळं मला कुणी बसवून सांगितलेलं नाही. लग्नात, बारशात, गाडीत मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन मी ते जमवलंय. म्हणजे मी कुणाच्या तरी पायगुणानं आलेली. मी स्वतःहून आले नाही! वर्गात पहिली येते ती मी, बोर्ड दुरुस्त करते ती मी, पण मुळात मला आणलं कुणी, तर सुलक्षणानं. नातेवाईक मला बघितलं की गाल ओढून हेच म्हणतात, “सुलीच्या पाठची ना ही?” मी मम्मीच्या पोटची आहे की सुलीच्या पाठची, ते एकदा ठरवा तरी.

आणि आता तिचं लग्न. मुलगा नरडाण्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला की हळदीच्या दिवशी पडद्यावर नवरीचे लहानपणापासूनचे फोटो दाखवतात ना हल्ली, तर तिचे तीन ते सात वर्षांचे काहीच आमच्याकडे नाहीत, ते सगळे प्रेमराजकडे. प्रेमराज म्हणजे पप्पा. पप्पांनी माळ्यावरून एक गोल प्लास्टिकचा डबा काढला. त्यात पाच डीव्हीडी, वरच्या बाजूला मार्करनं लिहिलेलं, धुळे १, धुळे २, धुळे ३, असं. क्लास बंद करून जळगावला येताना पप्पांनी जुना कॉम्प्युटर देऊन टाकला, पण त्याआधी त्यातलं सगळं एकत्र बांधून या पाच चकत्यांवर उतरवून घेतलं होतं. “गाठोडं आहे,” पप्पा मला म्हणाले, “एकच गाठोडं, पाच तुकडे केलेलं. ओळीनं सोडवावं लागतं. मधला तुकडा अडला की पुढचं हाताला लागत नाही. तू बघशील ना? तुझ्याशिवाय कोण आहे आपल्या घरात यातलं?” हे वाक्य एरवी मी दिवसभर मनात वाजवत फिरले असते. पण मी विचार करत होते की त्या गाठोड्यात माझा एकही फोटो नसेल, कारण ते बांधलं तेव्हा मी जेमतेम महिन्याची होते. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. “तेजू, करवली तूच हं. दुसऱ्या कुणाला मी पाठीशी उभीच करणार नाही.” मी म्हटलं, “माझं दहावीचं वर्ष आहे ताई. जमेल असं वाटत नाही.” माझी प्रिलिम तिच्या लग्नाच्या आधीच संपते, हे तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, “बरं.” मग म्हणाली, “काकूला दे ना फोन.” आणि मम्मीनं फोन घेतला आणि तिचा आवाज बदलला.

हे मी नौशीनलासुद्धा नीट सांगू शकलेले नाही. मम्मी माझ्याशी बोलते ते मराठी शाळेतल्या फळ्यासारखं असतं, स्वच्छ. ‘तेजल, जेवून घे.’ ‘तेजल, अभ्यास झाला का?’ मी सेमी इंग्लिशला, मी पुढं जाणार, म्हणून घरात अहिराणी बोलायची नाही असं पप्पांनी मी लहान असतानाच ठरवलं होतं. पण सुलक्षणाताईचा फोन आला की मम्मी भिंतीला पाठ लावून खाली बसते, पाय पसरते आणि म्हणते, “काय करी ऱ्हायनी, सुली? जेवनी का?” आणि हसते. तिचं ते हसू मला उद्देशून कधी नसतं. मला अहिराणी कळते सगळी, शब्दन् शब्द; पण मी बोलायला गेले की मम्मी-पप्पा दोघं हसतात, जसं काही मी मम्मीची साडी नेसून आलेय. जी भाषा मम्मी झोपेत बोलते ती ताईला मिळाली, आणि मला मिळालं ‘जेवून घे.’ ताई गेली तेव्हा आपल्याबरोबर मम्मीचं एक अख्खं तोंड घेऊन गेली असं मला वाटतं, आणि असं वाटलं की मी उगाच फ्रीज उघडून उभी राहते.

तर ते गाठोडं. आमच्या लॅपटॉपला चकती घालायची जागाच नाही. नौशीनच्या अब्बूंचं फुले मार्केटच्या मागं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. नव्या लॅपटॉपला जुन्या पद्धतीचं बांधलेलं उघडता येईना, तर मी शोधून शोधून एक बारकासा जुना प्रोग्राम उतरवून घेतला. पहिली चकती घातली, घूं घूं करत उघडली. दुसरी, उघडली. क्लासच्या पोरांच्या परीक्षेचे पेपर, बिलं, कुठल्या तरी मंडळाची पत्रकं. फोटोंच्या फोल्डरचं नाव दिसलं, ‘सुली’, आणि नाव दिसतं न दिसतं तोच स्क्रीनवर चौकट आली: तिसरी चकती घाला. घातली. तिसरी चकती घाला. अगं बाई, घातलीये! काढली, फुंकर मारली, टी-शर्टच्या टोकानं गोल गोल पुसली, परत घातली. ड्राइव्ह आतून दात खाल्ल्यासारखा करकरला, थांबला, परत करकरला. तिसरी चकती घाला. मी ड्राइव्ह बदलून आणला. वेग कमी करून पाहिला. सगळी चकती आधी जशीच्या तशी लॅपटॉपवर उतरवून घ्यावी म्हटलं, तर ती एका जागी येऊन रुतून बसायची. समोर असलेल्या माणसाला ‘तू ये’ म्हणत राहावं तसं ते मशीन म्हणत राहिलं, आणि मला चीड येण्याऐवजी आतल्या आत गुदगुल्या व्हायला लागल्या. नाही उघडत! मी सगळं करून पाहिलं, प्रामाणिकपणे पाहिलं, आणि नाही उघडत. हळदीच्या पडद्यावर तीन ते सात काळं राहील. मग कदाचित ती चार वर्षं झालीच नाहीत असं होईल.

रविवारी सकाळी मी दोघांना सांगितलं, “नाही होत. तिसरी खराब झालीये. तिच्यापुढचं काही निघणार नाही.” पप्पांनी पेपर खाली घेतला, “अरेरे, बहुतेक फोटो त्यातच होते गं.” मम्मी लसूण सोलत होती. ती म्हणाली, “राहू दे मग.” आणि सोलत राहिली. माझी तयारी होती ती रडेल याची, चिडेल याची, अजून एकदा बघ ना गं म्हणेल याची. ‘राहू दे’साठी माझी तयारी नव्हती. तिनं एक पाकळी सोलली, ती ताटलीत टाकायच्या ऐवजी सालींमध्ये टाकली, आणि सालं ताटलीत. मी बघत होते. माझं काही हरवलं तर मम्मी घर डोक्यावर घेते. माझी कंपासपेटी हरवली तेव्हा तिनं शाळेत फोन केला होता. आणि ताईचं हरवलं तर, राहू दे. म्हणजे हिचं हरवणं एवढं मोठं आहे की त्याला शोधायलासुद्धा जायचं नसतं. लसणाचा वास माझ्या नाकात गेला आणि मी उठून आतल्या खोलीत आले, आणि का कुणास ठाऊक, चकती काढून खिडकीशी नेली.

खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. चकतीच्या चकचकीत बाजूला माझा अर्धा चेहरा दिसला, त्यावर सप्तरंगी पट्टा, आणि पट्ट्यावर एक पिवळट ढग, जो मी आधी जुनेपणाचा डाग समजले होते. माझ्याच पुसण्यानं तो गोल फाकला होता. मी चकती थोडी कलती केली. ढगाच्या आत एक रेघ दिसली. मग दुसरी, तिला काटकोनात. मग चार बाजूंना वळलेले चार हात आणि मध्ये चार ठिपके. मी बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. हळद! अगदी जुनी, डब्याच्या तळाशी राहिलेल्या हळदीसारखी. आणि बोटाच्या रेषांत किंचित लाल. कुंकू. ज्या बाजूवर मशीन वाचतं त्याच बाजूवर कुणीतरी स्वस्तिक काढलं होतं, पाण्यात कालवून, बोटानं, आणि कुणी ते विचारायची मला गरजच नव्हती. डावीकडचा खालचा हात आधी काढायचा आणि मग सगळं स्वस्तिक जरा डावीकडे झुकायचं, हे उंबऱ्यावर, गॅसच्या नव्या सिलिंडरवर, माझ्या सायकलच्या मडगार्डवर मी लहानपणापासून बघत आलेय.

“पप्पा!” मी हळूच बोलावलं. ते आले. मी चकती उन्हात धरली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चकती डोळ्यांजवळ नेली.

“दसऱ्याला क्लासमध्ये मी कॉम्प्युटरची पूजा करायचो,” ते म्हणाले, “हार घालायचो मॉनिटरला. पोरं हसायची. इकडं आल्यावर पहिल्या दसऱ्याला घरात कॉम्प्युटरच नव्हता. तुझी मम्मी मला म्हणाली, सुली कोणत्या चकतीत आहे?”

“मग?”

“म्हटलं, तिसरीत. मला वाटलं, सहज विचारतेय.”

“पण या बाजूला कोण काढतं पप्पा! वर नाव लिहिलंय ना, ती वरची बाजू.”

“तिला कोण सांगणार? तिला वाटलं असेल, जिकडं तोंड दिसतं तीच पुढची.” ते हसायला गेले आणि त्यांना ठसका लागला. “एकदाच केली का दर वर्षी, मला माहीत नाही. मी कुठं बघतो.”

मला माहीत होतं. ते समोर उभे होते आणि मला आठवत होतं. दर दसऱ्याला पाटावर माझी पुस्तकं ठेवायची, वर आपट्याचं पान, झेंडू. मी पुस्तकं आणून द्यायची, आणि मम्मी म्हणायची, जा, फुलं घेऊन ये, आणि मी परत येईपर्यंत पुस्तकांची चळत मांडून झालेली असायची, सगळ्यात खाली लाल फडक्यात काहीतरी चपटं. एकदा मी लवकर आले होते, दुसरीत असेन. मम्मी पाटाशी बसून एका गोल आरशात बघत होती. मला वाटलं, ती स्वतःलाच बघतेय. मला तेव्हा तिचं इतकं कौतुक वाटलं होतं की सणाच्या गडबडीत मम्मी चोरून आरसा बघते! मी ही गोष्ट शाळेत बाईंना सांगितली होती. आणि आज कळतंय, तो आरसा नव्हता. माझ्या गणिताच्या पुस्तकाखाली, माझ्या विज्ञानाच्या पुस्तकाखाली, दर वर्षी, ताई होती. मम्मीनं माझ्या पुस्तकांवर हळद-कुंकू वाहिलं ते तिच्यावरून उचलून वाहिलं. माझ्या कानशिलांत एकदम गरम झालं. किती? अजून कुठं कुठं आहे ही या घरात? सिलिंडरखाली आहे? माझ्या उशीखाली आहे?

पप्पा म्हणाले, “पुसून निघेल का गं?” मी म्हटलं, “नाही सांगता येत.” सांगता येत होतं. चकतीला ओरखडे फारसे नव्हते. थर बसला होता, थराखाली सगळं शाबूत असणार. साध्या साबणाचं पाणी, कापूस, आणि गोल न पुसता मधून काठाकडे, सरळ. मला हे माहीत होतं, आणि घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. पप्पा परत बाहेर गेले. बाथरूममध्ये मी चकती हातात घेऊन उभी राहिले. नळ सोडला. काहीच करायचं नव्हतं मला. फक्त काहीच करायचं नाही, एवढं केलं की झालं. ‘नाही निघाली’ म्हणायचं, तेही खोटं वाटलं नसतं कुणाला. बाहेर मम्मी कुणाशी तरी फोनवर बोलत होती, आणि तिचं मराठी फळ्यासारखं होतं, म्हणजे ताई नव्हती. मला वाटलं, ही चकती मी अशीच ठेवली तर मम्मी येत्या दसऱ्याला तिचं काय करेल? बंद पडलीये हे माहीत असूनही ती फडक्यातून काढेल. उलट जास्तच जपून काढेल. न उघडणाऱ्या चकतीशी मी कशी भांडणार? फोटोशी भांडता येतं. नाक कसं आहे, फ्रॉक कसा आहे, हसताना दात कसे दिसतात, सगळ्याला नावं ठेवता येतात. पण काळ्या पडद्यावर मम्मी जे बघेल ते माझ्या प्रत्येक मार्कापेक्षा सुंदर असेल. नाही चालणार हे. मला ती बघायचीच आहे. एकदा नीट, डोळे फाडून बघायचीच आहे!

कापूस पिवळा झाला. दुसरा कापूस पिवळा झाला. स्वस्तिकाचा एक हात गेला, दुसरा गेला, ठिपके सगळ्यात चिवट होते. मी चकती कोरडी केली, ड्राइव्हमध्ये ठेवली, झाकण लावलं. करकर नाही. घूं घूं. चौकट आली: चौथी चकती घाला.

चौथी घातली, पाचवी घातली, गाठोडं सुटलं. मी कानात इअरफोन घातले, दार लोटलं. फोटो भरपूर होते आणि अगदी साधे होते. क्लासमधल्या की-बोर्डवर चढून बसलेली एक सावळी मुलगी, पप्पांच्या गळ्यात, एकवीरा देवीच्या जत्रेत. तिचा फ्रॉक माझ्या ओळखीचा होता. तो मी घातलाय नंतर! मी एकेक फोटो पुढं ढकलत होते, आणि प्रत्येकात मम्मी कुठंतरी काठाला होती, तिचा हात, तिच्या पदराचा तुकडा. शेवटी एक व्हिडिओ. चित्र हलतंय, दाणेदार. क्लासची फिरती खुर्ची, त्यात ताई, आणि मम्मी तिला फिरवतेय. मम्मी बारीक नाहीये. मम्मीचं पोट एवढं मोठं आहे की तिला खुर्चीपासून लांब उभं राहावं लागतंय. मी! मी त्या व्हिडिओत आहे आणि दिसत नाहीये. पप्पांचा आवाज कॅमेऱ्यामागून, “सुली, आथा देख.” मम्मी खुर्ची थांबवते आणि भिंतीशी बसून बोलते त्या आवाजात विचारते, “तू कोनी शेस?”

“तुनी,” ताई म्हणते. अजिबात विचार न करता.

तुझी! मी इअरफोन काढणार होते.

“आनि हाई कोनं शे?” मम्मी पोटावर हात ठेवते.

ताई खुर्चीतून उतरते, दोन्ही हात फाकवून त्या पोटाला मिठी मारते, तिचे हात पुरत नाहीत, आणि कॅमेऱ्याकडे रागानं बघत, जसं काही पप्पाच मला पळवणार आहेत, ती ओरडते, “हाई मनं शे. मी कोनलेच देवाव नही!”

मम्मी हसतेय. तेच हसू. मी तिथंच, त्या हसण्याच्या आत, हिंदकळत असणार. मी परत लावलं. परत लावलं. कुणालाच देणार नाही म्हणणारीलाच यांनी देऊन टाकलं, त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं. आणि तिनं मला कधी गाल ओढून विचारलं नाही, सुलीच्या पाठची ना तू. ती म्हणते, पाठीशी तूच उभी राहा. मत्सर गेला वगैरे काही नाही. तो तसाच आहे, लसणाच्या वासासारखा बोटांना आहे. ‘तुनी’ म्हणताना ती जशी थांबली नाही, तसं न थांबता म्हणायला मला अजून जमणार नाही. पण जिनं मला जन्माआधीच ‘मनं’ म्हणून बळकावून ठेवलंय, तिच्या पाठीशी जाऊन उभं राहिल्याशिवाय मला आता राहवणार नव्हतं.

मी लॅपटॉप उचलून बाहेर आले. मम्मी लसणाची सालं गोळा करत होती, पप्पा पेपर उघडून त्याच पानावर बसले होते. मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला. मम्मीनं स्क्रीनवरची थांबलेली खुर्ची बघितली, मग माझी पिवळी बोटं बघितली, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

“कालच्या प्रश्नाचं उत्तर नको मला,” मी म्हटलं. “आता तुम्ही दोघं ऐका. आणि पप्पा, हसायचं नाही. चुकलं तरी हसायचं नाही.” माझा आवाज स्टेजवर निघतो तसा निघाला, पण शब्द मात्र पहिल्यांदाच पाय टाकत होते. “सुलीताईना लगीनमा मी करवली व्हसू. फोटो बठ्ठा तिले देसू, व्हिडिओ बी देसू, मीच लावसू पडद्यावर. पन ही चकती मनी शे, आपला घरमाच ऱ्हाई. ती मी कोनलेच देवाव नही.”